आईला बाहेर बसवणारा दवाखाना

यंदाच्या उन्हाळी सुटीत, विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडण्यापूर्वी, मी माझ्या साडेचौदा वर्षांच्या मुलीला घेऊन नागपुरातील दोन ठिकाणी गेले. पहिले ठिकाण धंतोलीतील एका स्त्रीरोगतज्ज्ञांचे खासगी रुग्णालय आणि दुसरे एका शासकीय रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींसाठी चालवले जाणारे ‘मैत्री’ क्लिनिक. तक्रार साधी होती. पाळी सुरू होऊन दोन वर्षे झाली तरी ती कधी 35 तर कधी 42 दिवसांनी येते आणि पहिल्या दिवशी पोट इतके दुखते की शाळा बुडते. मला लिहायचे आहे ते मुख्यतः मैत्री क्लिनिकविषयी, पण धंतोलीचा अनुभव आधी सांगितल्याशिवाय त्याचे मोल कळणार नाही. दोन्ही रुग्णालयांची नावे मी मुद्दामच देत नाही. पहिल्याची बदनामी करण्याचा माझा हेतू नाही, आणि दुसऱ्या ठिकाणी समुपदेशक एकच असल्यामुळे रुग्णालयाचे नाव घेतले की त्या कोण हे लगेच उघड होईल.

धंतोली म्हणजे काय हे नागपूरकरांना सांगायला नको. जवळजवळ प्रत्येक गल्लीत रुग्णालय आहे आणि गाडी लावायला मात्र कुठेच जागा नाही. दीड तास थांबल्यावर आमचा क्रमांक आला. डॉक्टर अनुभवी, नावाजलेल्या आणि बोलायला सौम्य होत्या. त्यांचा पहिला प्रश्न मला होता: ‘हिचा प्रॉब्लेम रेग्युलर आहे का?’ मी पेशाने मराठीची शिक्षिका आहे, त्यामुळे शब्द कानाला टोचतात. पाळीला प्रॉब्लेम म्हणायचे आणि तो प्रॉब्लेम नियमित यावा अशी अपेक्षाही धरायची, हा विनोद त्या खोलीत माझ्याखेरीज कोणाच्या लक्षात आला असेल असे वाटत नाही. माझ्या आजीच्या पिढीत ‘कावळा शिवला’ म्हणत, आईच्या पिढीत ‘अडचण’ म्हणत आणि आता सुशिक्षितांत ‘प्रॉब्लेम’ म्हणतात. शब्द बदलत गेला, संकोच तेवढाच राहिला, आणि तो आता स्त्रीरोगतज्ज्ञांच्या टेबलापर्यंत पोहोचला आहे.

जेमतेम दहा मिनिटांच्या त्या भेटीत मुलीला थेट विचारलेला प्रश्न एकच होता: ‘कितवीत आहेस?’ बाकी सारे, म्हणजे पाळी किती दिवस राहते, किती पॅड लागतात, अंगावरून पांढरे जाते का, हे सगळे मला विचारले गेले आणि मीही माझ्या शेजारी बसलेल्या मुलीच्या देहाबद्दल तिच्याकडे न पाहता उत्तरे देत गेले. मग सोनोग्राफी झाली, अहवालात ‘पॉलिसिस्टिक’ हा शब्द आला, तीन महिन्यांच्या हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या गेल्या आणि निघताना डॉक्टर मला हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘आत्ताच लक्ष द्या मॅडम, म्हणजे पुढे लग्नानंतर त्रास नको.’ आवाज हलका असला तरी तो दोन फुटांवरच्या मुलीला ऐकू येत होता. त्या रात्री तिने मोबाइलवर काय काय शोधले ते मला आठवड्याने कळले. आपल्याला कधीच मूल होणार नाही, अशी तिची समजूत झाली होती आणि ती समजूत तिने एकटीनेच सांभाळली होती.

एक श्रेय मात्र या डॉक्टरांना द्यायलाच हवे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील एचपीव्ही लसीविषयी त्यांनी आपणहून, आणि फार स्पष्टपणे सांगितले. नऊ ते चौदा या वयात सुरू केल्यास सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात, पंधरा पूर्ण झाल्यावर तीन लागतात, आणि पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हावॅक’ ही भारतीय लस 2023 पासून बाजारात आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळले. ही लस ज्या विषाणूपासून वाचवते तो शरीरसंबंधातून पसरतो, एवढे एक वाक्य मात्र त्यांनी गाळले. मुलीने नंतर मला विचारले की ही लस इतक्या लहानपणी का घ्यायची, तेव्हा ते वाक्य मला घरी येऊन जुळवावे लागले.

मैत्री क्लिनिकचा पत्ता मला शाळेत मिळाला. आमच्या अनुदानित शाळेत दर आठवड्याला लोहाच्या निळ्या गोळ्या वाटल्या जातात, आणि त्या कामासाठी येणाऱ्या आरोग्य सेविकेने बोलता बोलता सांगितले की असे क्लिनिक शहरात आहे आणि तिथे फारसे कोणी येत नाही. केंद्र सरकारने 7 जानेवारी 2014 रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. 10 ते 19 वर्षांची मुले आणि मुली दोघेही त्यात येतात आणि पोषण, प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, व्यसन, हिंसा व अपघात आणि असंसर्गजन्य आजार असे सहा विषय त्यात आहेत. त्याआधीही असे दवाखाने होते आणि त्यांना ‘अर्श’ म्हणत. मराठीत अर्श म्हणजे मूळव्याध, त्यामुळे इंग्रजी आद्याक्षरे जुळवणाऱ्याने मराठी माणसाला विचारले नव्हते हे उघड आहे. ‘मैत्री’ हे नाव पुष्कळ बरे म्हटले पाहिजे.

शासकीय रुग्णालय म्हटल्यावर मी जी तयारी करून गेले होते ती निम्मी उपयोगी पडली. केस पेपरच्या खिडकीवर रांग होती, पण पैसे लागले नाहीत. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. मेडिकल आणि मेयो ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाची असल्यामुळे तो निर्णय त्यांना लागू नव्हता, आणि हा फरक नागपुरात पुष्कळांना ठाऊक नसतो. क्लिनिकची खोली शोधायला मात्र वीस मिनिटे लागली. पाटी एका खांबाच्या मागे आहे आणि शेजारची खोली एचआयव्ही तपासणीची आहे. ही जागा ज्याने ठरवली त्याने पंधरा वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या नजरेने तो व्हरांडा एकदा चालून पाहायला हवा होता. तिथे ओळखीचे कोणी भेटले तर काय सांगायचे, हा प्रश्न माझ्याच मनात आला, मग तिच्या मनात किती आला असेल.

आत टेबलामागे समुपदेशक ताई बसल्या होत्या. त्यांनी आम्हा दोघींना बसवले, नाव विचारले आणि मुलीकडे पाहून म्हणाल्या, ‘बेटा, तू सांग, काय होते तुला?’ मी सवयीने तोंड उघडले. त्यावर त्या माझ्याकडे वळून तितक्याच शांतपणे म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसाल का? मी बोलावते तुम्हाला.’

मला राग आला. माझी मुलगी, तिची तक्रार घेऊन मीच आलेली, आणि मलाच बाहेर? पस्तीस मिनिटे मी लोखंडी बाकावर बसले, आणि त्यातली पहिली दहा मिनिटे याच रागात गेली. नंतर लक्षात आले की धंतोलीत माझी मुलगी त्या खोलीत असूनही बाहेरच बसलेली होती. तिथे खुर्ची तिला मिळाली होती आणि बोलण्याचा हक्क मला. इथे हा हिशेब कोणीतरी उलटा केला होता, आणि तो उलटा केल्यावर मला जे वाटले ते तिला दहा मिनिटांत नव्हे, गेली दोन वर्षे वाटत असणार.

आत काय बोलणे झाले ते मला मुलीने जेवढे सांगितले तेवढेच ठाऊक आहे, आणि इथे त्यातलेही तिला विचारूनच लिहीत आहे. समुपदेशक ताईंनी सुरुवातीलाच तिला सांगितले की तू जे बोलशील ते मी तुझ्या आईलाही सांगणार नाही, मात्र कोणी तुला त्रास दिला असेल, हात लावला असेल किंवा तुझ्या जिवाला धोका असेल तर ते मला पुढे कळवावे लागेल, कारण तो कायदा आहे. गोपनीयतेची मर्यादा आधी सांगून मग गोपनीयतेचे वचन देणे, हा प्रामाणिकपणा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यानंतर त्यांनी एका मोठ्या चित्रावर गर्भाशय, बीजकोश आणि बीजवाहिन्या दाखवल्या, आणि सोनोग्राफीच्या अहवालातील त्या शब्दाचा अर्थ समजावण्यासाठी तिला वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे नेले.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मलाही आत बोलावून जे सांगितले ते कुठल्याही पालकाने जाणून घ्यावे असे आहे. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत प्रत्येक महिन्यात बीज सुटतेच असे नाही. मेंदूकडून बीजकोशाला जाणारे संदेश अजून बसायचे असतात, त्यामुळे या वयात 21 ते 45 दिवसांचे अंतर सामान्य धरतात. वाढत्या वयातील बीजकोशांत लहान लहान पुटिका दिसणे हेही नेहमीचेच आहे. म्हणूनच पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत पीसीओएसचे, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम या हार्मोनच्या विकाराचे, निदान सोनोग्राफीवरून करू नये, असे 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलेले आहे. चेहऱ्यावर जाड केस नाहीत, वजन फार वाढलेले नाही आणि अंतर 45 दिवसांच्या आत आहे, तेव्हा हार्मोनच्या गोळ्यांची घाई नको. पोटदुखीचे कारण प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य असते, गर्भाशय त्यामुळे जोराने आकसते, आणि मेफेनॅमिक ॲसिडची गोळी कळ असह्य झाल्यावर घेण्यापेक्षा दुखू लागताच खाऊन झाल्यावर घेतली तर तिचा उपयोग जास्त होतो. ‘गोळ्यांची सवय लागते म्हणून आई देत नाही,’ असे मुलीने तिथेच सांगून टाकले. मी छताकडे पाहिले.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली जी धंतोलीत कोणाला सुचली नव्हती. हिमोग्लोबिनबरोबर त्यांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची सोल्युबिलिटी चाचणी लिहून दिली. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे, आणि रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या देत राहण्याआधी ते का कमी आहे हे पाहणे भाग असते. समुपदेशक ताईंनी मुलीला हेही समजावले की आई आणि वडील दोघेही सिकलसेलचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणजे लग्नापूर्वी कुंडलीआधी कोणता कागद पाहायचा, हे तिला नववीतच कळले. चाचणीत काही निघाले नाही, हिमोग्लोबिन 10.8 होते, बाराच्या खाली, आणि शाळेत मिळणारी निळी गोळी ती मैत्रिणीबरोबर खिडकीबाहेर टाकत होती हाही उलगडा त्यातून झाला.

मुलग्यांच्या बाबतीत हे क्लिनिक कसे आहे याची मला उत्सुकता होती, कारण घरात बारा वर्षांचा मुलगाही आहे. भिंतीवरच्या आठ भित्तिचित्रांपैकी सात मुलींची होती. ताई म्हणाल्या की मुले क्वचित येतात आणि आली तर बहुतेक एकाच प्रश्नाने घाबरून येतात. रस्त्याकडेच्या तंबूंवर आणि भिंतींवर ‘गुप्तरोग’ आणि ‘स्वप्नदोष’ हे शब्द आपण सगळेच वाचत मोठे झालो. त्या म्हणाल्या, ‘मी स्वप्नदोष म्हणतच नाही. दोष म्हटले की पोरगा आजारीच पडतो. झोपेत वीर्य येते, एवढेच म्हणते.’ मराठी शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली, पण त्या शब्दातला दोष मला कधी दिसला नव्हता.

आता उणिवा. खोलीच्या दाराला कडी नाही, पडदा आहे. मुलगी बोलत असताना दोन वेळा कोणीतरी रजिस्टर शोधायला आत आले. हातात दिलेले माहितीपत्रक शुद्ध मराठीत आहे, इतक्या शुद्ध की ‘लैंगिकदृष्ट्या संक्रमित होणारे विकार’ आणि ‘प्रजननक्षम वयोगट’ वाचून माझ्या मुलीने ते मलाच तपासायला दिले. वेळ सकाळची, म्हणजे नेमकी शाळेची. आणि सर्वांत मोठी उणीव ही की खोलीबाहेर पडताच वातावरण बदलते. रक्त घेणाऱ्या परिचारिकेने केस पेपरवर क्लिनिकचा शिक्का पाहून मुलीला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि मला विचारले, ‘एवढ्या लहान पोरीले इथं कायले आणलं?’ ती वाईट बाई नव्हती. तिच्या मनात त्या खोलीत जाणारी मुलगी म्हणजे काहीतरी घडलेली मुलगी, एवढेच समीकरण होते. पॅड घ्यायला आम्ही जवळच्या जनऔषधी केंद्रात गेलो तेव्हा एक रुपयाचे पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी चढवून मिळाले. काळी पिशवी नको म्हटल्यावर दुकानदार मला म्हणाला, ‘राहू द्या काकू, रस्त्यानं जायचं आहे.’

डॉक्टर आणि परिचारिका असे का वागतात, याचे उत्तर त्यांच्या वैयक्तिक सोवळेपणात शोधणे मला अपुरे वाटते. त्यांच्या डोक्यावर कायद्याची टांगती भीती आहे. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीशी लैंगिक संबंध आल्याचे कळले की ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, मग ते संबंध दोघांच्या मर्जीने असोत की नसोत. आणि न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे ‘विचारलेच नाही तर कळणार नाही, आणि कळलेच नाही तर कळवावे लागणार नाही’ हा मार्ग अनेक दवाखान्यांत रूढ झाला असेल तर नवल नाही. सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे म्हटले. पण एक निकाल लागल्याने सवयीचे मौन सुटत नाही. हे मौन महाग पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली होती आणि 15 ते 19 वयाच्या 7.6 टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. या मुलींना त्या आधी कोणी काही विचारले असेल का, हा प्रश्न मला पडतो.

दुसरे कारण आम्ही, म्हणजे पालक आणि शिक्षक. डॉक्टर मुलीशी बोलले तर आई चिडते, हे मी बाकावर बसून स्वतः अनुभवले. शाळेत तर माझा गुन्हा याहून मोठा आहे. दरवर्षी कोणी ना कोणी डॉक्टर आमच्या मुलींना मार्गदर्शन करायला येतात. अशा कार्यक्रमाच्या नावात कळी, फूल किंवा पाकळी यांपैकी काहीतरी असतेच. त्या वेळी मुलांना कबड्डीसाठी मैदानावर पिटाळण्याचे काम गेली सहा वर्षे माझ्याकडे आहे, आणि गर्भनिरोधन हा शब्द भाषणात नको, असा निरोप एका डॉक्टरांना मुख्याध्यापकांच्या वतीने मीच दिलेला आहे. 2007 मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला होता, तेव्हा आमच्या शिक्षक कक्षात सुटल्यासारखे वाटले होते. माहिती दिली की मुले बिघडतात हा आमचा आवडता सिद्धान्त. जागतिक आरोग्य संघटना आणि युनेस्को यांनी तपासलेल्या अभ्यासांतून मात्र असे शिक्षण मिळाल्याने मुले लवकर शरीरसंबंधांकडे वळत नाहीत, असेच दिसून आलेले आहे.

आणि हे विदर्भात जमत नाही असेही म्हणता येत नाही. नागपूरच्या मेडिकलमध्येच शिकलेल्या डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘तारुण्यभान’ नावाने जी शिबिरे सुरू केली त्यांत मुले आणि मुली एकत्र बसून हेच विषय ऐकतात. त्यांनी आणि डॉ. अभय बंग यांनी 1989 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दोन गावांतील 650 स्त्रियांपैकी 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या 8 टक्के होत्या. त्या स्त्रियाही कधीतरी चौदा वर्षांच्या होत्या.

पाचपैकी गुण द्यायचे तर समुपदेशक ताईंना पाच, वैद्यकीय अधिकाऱ्यांना साडेचार, खोलीला दोन आणि उरलेल्या रुग्णालयाला दीड. जाणाऱ्यांनी अकराच्या आत केस पेपर काढावा आणि जुने अहवाल सोबत न्यावेत. सोबत येणाऱ्या आईने वाचायला काहीतरी घ्यावे.

हे गुण मी जुलैमध्येच लिहून ठेवले होते. ऑगस्टमध्ये मुलगी फेरतपासणीसाठी मैत्रिणीला घेऊन, माझ्याशिवाय गेली. त्या दिवशी समुपदेशक ताईंची ड्यूटी दुसऱ्या मोहिमेवर लागली होती आणि त्यांच्या खुर्चीवर बसलेल्या सिस्टरनी दोघींना विचारले, ‘आई कुठे आहे? मोठ्या माणसाला घेऊन या.’ त्या तशाच परत आल्या. मी म्हटले, पुढच्या आठवड्यात मी येते सोबत. मुलगी म्हणाली, ‘ये, पण बाहेर बस.’